उकळलेले तीर्थ

देवबागच्या सुभद्राबाईंनी आपले मूत्रपिंड देऊन मुलाला, सर्वेशला, जगवले. ग्रामदेवतेने गाऱ्हाणे ऐकले, म्हणून त्यांनी देवळातले तीर्थ त्याच्या तळहातावर घातले. पाणी उकळूनच द्या, अशी डॉक्टरांची ताकीद होती. परंतु तीर्थ का कोणी उकळते?

त्या तीर्थातूनच जंतुसंसर्ग झाला. तो आवरण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागली, तेव्हा सर्वेशच्या रक्ताने आईच्याच मूत्रपिंडाविरुद्ध प्रतिपिंडे उभी केली. ते मूत्रपिंड आता टिकेल, असे कोणी म्हणेना.

“गो आये, तुझा तीर्थ काय नि तुझी किडनी काय, माका कायच मानवला नाय!” सर्वेश क्षीण हसला.

सायंकाळी सुभद्राबाईंनी तीर्थाचे भांडे शेगडीवर ठेवले आणि उकळी फुटेपर्यंत त्या देव्हाऱ्याकडे पाठ करून बसल्या.