थिबा पॉइंटवरून भाट्ये

"आई, तिकडे नाही, इकडे बघा. त्या काळ्या खडकावर. लाल चोच दिसतेय का?"

ऋत्विकने आपली दुर्बीण सासूबाईंच्या गळ्यात अडकवली होती आणि दीपगृहाजवळच्या कठड्याशी उभं राहून तो त्यांना कुरव पक्षी दाखवत होता. गंगुबाईंनी मान हलवली, पण दुर्बीण काही खडकाकडे वळली नाही. ती समुद्रावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरत राहिली. दूरवर एक ट्रॉलर दिसला तशी थांबली आणि मग पुढे सरकली.

"दिसला ना, आई?"

"दिसला हो, जावयबापू. ब्येस हाय," म्हणत त्या पुन्हा समुद्राकडेच.

मागे उभ्या असलेल्या सानिकाने घड्याळ पाहिलं. दिवस सरता सरत नव्हता.

त्याच वेळी तिकडे खाडीपलीकडे, भाट्याच्या किनाऱ्यावर तिचे सासरे आत्माराम आणि थोरले दीर दादू भटजींना घेऊन बसले असतील. सुजय, म्हणजे सानिकाचा नवरा आणि गंगुबाईंचा धाकटा लेक, मालवाहू बोटीवर खलाशी होता. वादळात बोट बुडाली. काहीजण वाचले, काहींचे देह मिळाले. सुजयचं काहीच आलं नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. सुजयचं हे कार्य कित्येक वर्षं रखडलं होतं, कारण घरात विषय निघाला की गंगुबाई कडाडायच्या, "जित्या मानसाला जाळतासा? माजा पोर येनार हाय!" पण यंदा आत्मारामांच्या छातीनेच दगा द्यायला सुरुवात केली. "त्याचा माज्या हातानं करतो, मंग माजा काय व्हायचा ता होऊ दे," एवढंच ते दादूला म्हणाले आणि पुढे कुणी वाद घातला नाही.

म्हातारीला दिवसभर घराबाहेर काढायची युक्ती जावयाची. ऋत्विक सावर्ड्याला कॉलेजात शिकवतो आणि थंडी पडली की पक्ष्यांमागे गावोगाव भटकतो. थंडीचे पाहुणे पक्षी आलेत, ते दाखवतो, शिवाय सगळी रत्नागिरी फिरवतो, असं सांगून तो गाडी घेऊन दारात हजर झाला. सोबत सानिका. "तू हाईस तर ती येल," सासरे म्हणाले होते. तुला इथे थांबायचंय का, असं सानिकाला कुणी विचारलं नाही. बायकांनी अशा जागी जायचंच नसतं, तर विचारायचं कशाला? पथ्य फक्त एकच होतं, भाट्याचा पूल ओलांडायचा नाही.

सानिका औषधांच्या दुकानात काम करते. कुठल्या गोळीने झोप येते हे तिला ठाऊक आहे, पण घरी तिने कधी एक गोळी नेली नाही. संक्रांत आली की शेजारणींची पंचाईत व्हायची, हिला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही. बोलावलं तर ती जायची, नाही बोलावलं तर दार लावून बसायची. ना धड सवाशीण, ना धड विधवा. आज संध्याकाळपर्यंत त्याचा निकाल लागणार होता आणि ती मात्र पर्यटन करत होती.

किल्ला झाला, मत्स्यालय झालं. "तिकीट काडून मासे बगायचे? जलमभर पाटीत बगितले की," असं म्हणून गंगुबाई काचेपुढे घटकाभरही थांबल्या नाहीत. थिबा राजाच्या राजवाड्यात मात्र त्या रेंगाळल्या. रत्नागिरीत हयात गेली, पण राजवाडा त्या पहिल्यांदाच बघत होत्या. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला पकडून इथे आणलं, तो परत गेलाच नाही, इथेच वारला, असं ऋत्विकने सांगितलं.

"मग तेच्या मुलखात कोन सांगितलान असंल?" गंगुबाईंनी विचारलं.

जेवायच्या आधी थिबा पॉइंट बघून घेऊ, खाली खाडीच्या चिखलात ओहोटीला पक्ष्यांचे थवे उतरतात, असं काहीतरी बोलून ऋत्विकने गाडी काढली. सानिकाने अडवायला हवं होतं, पण तिच्याही ध्यानात आलं नाही. दोघांनी पुलाचा विचार केला होता, उंचीचा केला नव्हता.

पॉइंटवर पोचल्यावर धूर आधी सानिकाला दिसला. खाली काजळी नदीची खाडी, तिच्यावरचा पूल आणि पलीकडे भाट्याची वाळूची पुळण. सुरूच्या झाडांच्या टोकाशी धुराची बारीकशी रेघ आणि चार माणसं.

"आई, चला. जेवायला उशीर होतोय."

पण गंगुबाईंची दुर्बीण डोळ्यांवर चढली होती आणि सबंध दिवसात पहिल्यांदाच ती एका जागी स्थिर होती.

"ते पांढरे ठिपके दिसतायत ना, आई? ते सगळे कुरव..." ऋत्विक उत्साहाने सांगू लागला, मग त्यालाही धूर दिसला आणि वर केलेलं बोट त्याने खाली घेतलं.

त्या उंचीवरून चेहरे दिसत नसतील, पण पाय ओढत चालणाऱ्या नवऱ्याला ओळखायला चेहरा कशाला लागतो?

"नारळ कुटला घेतलान?" गंगुबाईंनी विचारलं.

सानिकाने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच. "दारातल्या माडाचा. दादूभावोजी चढले होते."

"बरा झाला. इकतचा नको हुता त्येला."

त्यांनी दुर्बीण काढून सुनेपुढे धरली. "घे. बग."

"आई, बायकांनी..."

"बायकांनी तितं जायचा नाय. हितनं बगायचा नाय, असा कोन बोललान?"

सानिकाला आधी सगळं धुरकटच दिसलं. चाक फिरवल्यावर ओल्या धोतरातले सासरे दिसले, त्यांच्या खांद्याला धरून उभा असलेला दादू दिसला. त्यांच्यापुढे आगीचा ढीग केव्हाच बसला होता. पानं ती, त्यांना जळायला कितीसा वेळ लागणार? आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती कधी मोठ्याने रडली नव्हती. त्या घरात रडणं म्हणजे सुजयला आपल्या हाताने मारणं, असंच तिला वाटत आलं होतं. आता ती कठड्याला धरून गुरासारखी हंबरली.

गंगुबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "जावयबापू, गाडीत पानी हाय ना? आना."

म्हातारीला चक्कर आली असेल असं समजून ऋत्विक धावला आणि दोन्ही बाटल्या घेऊन आला. गंगुबाईंनी सानिकाला चिऱ्याच्या कट्ट्यावर बसवलं आणि पाण्याची बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली. दुसरी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली. फोटो काढणारं एक कुटुंब थबकलं. त्यातली बाई पुढे येऊन म्हणाली, "काय झालं? बरं वाटत नाहीये का यांना?"

"काय नाय," गंगुबाई म्हणाल्या. "आंगोळ करताव."

बाई गप मागे सरली. खाडीवरून बोचरा वारा येत होता आणि सानिकाचे दात वाजत होते. गंगुबाईंनी तिचे केस मुठीत धरून पिळले आणि आपल्या ओल्या पदराने तिचं डोकं पुसायला घेतलं, दाबून, कानामागूनसुद्धा, लहान पोराचं पुसतात तसं.

"चल घरी," त्या म्हणाल्या. "म्हातारा उपाशी असंल. भात टाकूया."