ओकच्या मेखा

इनॉक थॉर्ली सुतार विलायतेतल्या चेशर परगण्यात बावीस वर्षं घरांना मुखवटे चढवत आला होता. विटांची भिंत उभी राहायची, तिच्यावर तो जुन्या लाकडी घराचा भास व्हावा म्हणून काळ्या फळ्या खिळ्यांनी ठोकायचा, मधे पांढरा गिलावा व्हायचा, आणि काल गिरणीत पैसा केलेला मालक तीनशे वर्षांच्या खानदानी घरात जन्मल्यासारखा दारात पाइप ओढत उभा राहायचा. त्यावर इनॉकचं पोट भरत होतं. पण आपल्या कामाकडे मान वर करून बघावं, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, त्या साली कापडछपाईवाल्या ऑर्मरॉडसाहेबांच्या व्हिलाचं काम निघालं आणि इनॉक अडून बसला. पोर्च आणि वरची त्रिकोणी भिंत खऱ्या ओक लाकडाच्या सांगाड्याचीच होईल, नाहीतर दुसरा सुतार बघा. नकाशा काढणारा तरुण होता, हौशी होता, तो हो म्हणाला. इनॉकने ओला ओक आणला, खाचेत कूस, म्हणजे तुळईचं तासलेलं टोक, बसवली आणि एकही खिळा न वापरता लाकडी मेखांवर सगळं उभं केलं. एवढे लाड त्याने माझे कधी केले नाहीत, असं त्याची बायको केझाया ज्याला त्याला सांगत सुटली.

पुढच्या उन्हाळ्यात ओक सुकला आणि खांबांना उभे तडे गेले, चांगलं बोट जाईल एवढे. शेजारच्या बाई चहाला आल्या होत्या. त्यांनी तडा पाहिला आणि खुर्ची मागे ओढली. झालं! साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. सोमवारी सांगाडा उतरवायचा, विटा रचायच्या, वर फळ्या ठोकायच्या, असा हुकूम सुटला. आणि काम दिलं कुणाला, तर विल प्लॅटला. इनॉकच्या हाताखाली शिकून अर्ध्यावर पळालेला, आता फळ्या ठोकण्यात त्याच्याही पुढे गेलेला गडी.

सोमवारी विलच्या आधी इनॉक पोर्चमध्ये हजर होता. त्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. ओला ओक सुकताना तडकतोच, त्याने ताकद जात नाही, हे त्याने परोपरीने सांगितलं. आपली चूक झाकायला प्रत्येक कारागिराकडे शास्त्र असतं, असं साहेब म्हणाले. तेव्हा मात्र इनॉकचं डोकं फिरलं.

“विल, घे तो हातोडा. यातली एक मेख काढून दाखव. निघाली, तर सांगाडा मी माझ्या हाताने उतरवतो.”

“आणि नाही निघाली तर?” साहेबांनी विचारलं.

“तर याला घरी पाठवायचं.”

विलने बाह्या सरसावल्या. मेखेच्या मागच्या टोकाला लोखंडी कांब लावून त्याने घाव घातला. हात राखायचं त्याला काही कारणच नव्हतं. दुसरा घाव, तिसरा घाव. आपल्या हातच्या कामावर असे घाव पडताना इनॉकने कधी पाहिलं नव्हतं. चौथ्याला कांब निसटली आणि विलची बोटं सोलवटली. मेख तसूभरही हलली नव्हती.

मग साहेबांनीच कोट काढला. लाल होईपर्यंत ठोकलं. शेवटी दम खात सांध्यात नख घालून पाहिलं, तर नखही शिरेना.

“आत काय केलंयस तरी काय?”

“खाचेतलं आणि कुसेतलं अशी भोकं मुद्दाम एका रेषेत पाडलेली नाहीत, साहेब. मेख आत वाकत जाते आणि कुसेला ओढून धरते. लाकूड सुकेल तशी जास्तच.”

“हे मला कधी शिकवलं नाहीस,” विल बोट चोखत पुटपुटला.

“तुला घाई होती, बाबा.”

साहेबांनी विलला घरी पाठवलं. इनॉकला मात्र शाबासकीचा एक शब्द नाही.

पुढच्या रविवारी इनॉक आणि केझाया प्रार्थनेहून परतत होते. पोर्चमध्ये साहेबांभोवती पाच-सहा पाहुणे जमले होते, त्या शेजारच्या बाईही होत्या. साहेबांनी तड्यात बोट घातलं होतं. “हा खरा ओक, म्हणून तडकतो,” ते सांगत होते. “फळ्या काय, कुणीही ठोकतं. आम्ही मेख वाकवून घालतो. मी स्वतः ठोकून पाहिली आहे.”

केझायाचा तिळपापड झाला. “ऐकलंस? ‘आम्ही’ म्हणे! जा, सांग त्यांना कोणी केलं ते.”

इनॉक कुंपणाशी थांबला होता. मान वर करून तो पोर्चकडे बघत होता.

“गप गं,” तो म्हणाला. “त्याला ते स्वतःचं वाटायला लागलंय. आता ते कुणी पाडत नाही.”