हिंदुराव म्हेत्र्याचे बेत

निजामाच्या फौजेनं पुणं जाळलं त्याला काही वर्षं लोटली होती, तरी बुधवार पेठेत अजून जळक्या भिंतींना लागून नव्या भिंती उठत होत्या. गवंड्यांना इतकं काम कधीच मिळालं नव्हतं. अशा दिवसांत गेनबा म्हेत्र्यांनी आपण होऊन पद सोडलं. म्हेत्रे म्हणजे गवंड्यांच्या जमातीचा मुख्य. मजुरी ठरवणं, भांडणं मिटवणं, जमातीत कोणाला घ्यायचं ते सांगणं, हे सगळं त्याच्याकडे असे. गेनबांची नजर अधू झाली होती. "ओळंबा हलतोय की माझे डोळे, तेच कळेनासं झालंय," असं म्हणून खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर, त्यांनी आपला शेला हिंदुरावाच्या खांद्यावर टाकला.

हिंदुराव पस्तिशीचा. हात चांगला, आणि जीभ त्याहून चांगली. म्हेत्रे झालो तर काय काय करायचं, हे त्यानं मनाशी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. बायकोला, शकूला, ते इतक्यांदा ऐकवलं होतं की भाकरी थापता थापता पुढचं वाक्य तीच पुरं करी.

जमात बसायची नदीकाठच्या एका छपरात. आत जाजमावर पुण्यातल्या जुन्या घरांचे गवंडी बसत. धायरी-वारज्याहून कामाला येणारी माणसं, मग ती भिंत कितीही सरळ उचलोत, बाहेर उभी राहत आणि उद्याचं काम कुठे ते ऐकून जात. पहिल्याच बैठकीत हिंदुरावानं आपले बेत मांडले. जगाचे वाडे बांधणाऱ्यांनी गवताच्या छपरात बसू नये, जमातीला चार पक्क्या भिंती हव्यात. चुना मळण्याची रीत घरातल्या मुलांपुरती ठेवू नये, गावाकडच्यांनाही शिकवावी. आणि बाहेर उभं राहणाऱ्यांना आत जाजमावर घ्यावं.

तो बोलायचा थांबला. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुन्या घराण्यातला अनंत पानाला चुना लावत म्हणाला, "बेत उत्तम आहे, म्हेत्रे. पानं कधी मांडताय?"

हशा झाला. हिंदुरावही हसला. विरोध कोणीच केला नाही.

आणि काहीच झालं नाही. पक्क्या भिंतींचं विचारलं की "बघू, हातातलं काम उरकू द्या" असं उत्तर येई. चुना शिकायला पाठवलेल्या पोरांना लोक आनंदानं ठेवून घेत आणि दिवसभर पाणी भरायला लावत. बाहेरच्यांना आत येऊ नका असं कोणी म्हटलं नाही. फक्त बैठकीला सगळे असे ऐसपैस बसत की जाजमावर टीचभर जागा उरत नसे.

शेवटी हिंदुराव गेनबांकडे गेला. म्हातारा अंगणात उन्हाला बसला होता.

"मीही बेत मांडले होते, म्हेत्रे झालो तेव्हा," गेनबा म्हणाले.

"मग?"

"सगळे हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हातारा झालो."

हिंदुराव तसाच परत आला. त्या दिवशी शकूला त्यानं काही ऐकवलं नाही. आपले बेत वाईट होते, की आपणच नुसते बोलके आहोत, हे त्याला ठरवता येईना.

मार्गशीर्षात पेठेतल्या आप्पासाहेबांच्या वाड्याचं काम निम्म्यावर आलं होतं. दुपारी परांचीची दोरी तुटली आणि वारज्याचा सटवाजी वरून खाली दगडांवर पडला. लोक धावले, पण तो गेला होता.

जमातीतला कोणी गेला की त्या दिवशी सगळ्यांनी थापी खाली ठेवायची आणि खांदा द्यायला जायचं, असा नियम होता. सगळे हिंदुरावाकडे पाहू लागले.

"जमातीतला नव्हता तो," अनंत हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात दुष्टावा नव्हता. जे होतं तेच तो सांगत होता.

हिंदुरावाला बोलायला पुष्कळ सुचलं असतं. पण त्यानं हातातली थापी पुसली आणि भिंतीवर ठेवली.

"हा हुकूम समजायचा का, म्हेत्रे?" अनंतनं विचारलं.

"नाही. हुकूम केला तर तुम्ही सगळे हो म्हणाल."

तो खाली उतरला. बराच वेळ त्याच्यामागे कोणी आलं नाही. मग एकजण उतरला, आणखी दोघे उतरले. गलका ऐकून आप्पासाहेब चौकात आले. "अहो म्हेत्रे, माघात वास्तुशांतीचा मुहूर्त आहे आमचा. एका मजुरापायी काम खोळंबायचं?"

"आज खोळंबेल," हिंदुराव म्हणाला.

बातमी ऐकून नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गेनबाही आले. "कोणाचा माणूस?" त्यांनी विचारलं.

"वारज्याचा," अनंतनं सांगितलं.

"गाव नाही विचारलं. भिंत कोणाची उचलत होता?"

अनंत तरी आला नाही.

मुठेच्या काठाकाठानं ते सटवाजीला वारज्याला घेऊन गेले. जमातीतले निम्मेही नव्हते. सटवाजीची बायको मैना दारातच बसली होती.

पुढच्या बैठकीला अनंत आणि त्याच्या बाजूची घरं फिरकलीच नाहीत. आप्पासाहेबांनी उरलेलं काम त्यांनाच दिलं होतं. जाजमावर भरपूर जागा होती. धायरी-वारज्याची माणसं दाराशी घुटमळत उभी होती. गेनबा म्हणाले, "बसा की. आता तर बाहेर उभं राहायचं कारणही उरलं नाही." ती बसली. हिंदुरावाला आनंद झाला, पण तो पुरता नव्हता. जमात जोडायला निघालो आणि दुभंगून बसलो, असं त्याला वाटत राहिलं. पक्क्या भिंतींचा विषय तर त्यानं पुन्हा काढलाच नाही.

सटवाजीचे दिवस झाल्यावर मैना कामावर आली. हिंदुराव तेव्हा पेठेतल्याच दुसऱ्या वाड्यावर होता. तिला चुना वाहायचं काम हवं होतं. त्यानं लगेच हो म्हटलं. ती तरी हलेना. मान वर करून परांचीकडे बघत राहिली.

"त्या दिशी तुमी आलात, लई बरं केलंत," ती म्हणाली. "पर एक इचारू? ह्या दोऱ्या कोन बगतं?"

"ज्याच्या त्यानं बघायच्या."

"आमचं मानूस नवं हुतं. त्याला काय ठावं?"

हिंदुरावानं इतकी वर्षं मनात घोळवलेल्या बेतांत ही गोष्ट कुठेच नव्हती. आपण काय सुधारायचं ते त्यानं जमातीला सांगितलं होतं. तुम्हाला काय हवं, हे बाहेर उभ्या राहणाऱ्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

"थांब जरा इथं," असं म्हणून तो परांचीवर चढला. पहिली गाठ ओढून पाहिली, मग दुसरी. तिसरी त्याच्या हातात सुटून आली. वर काम करणाऱ्यांना त्यानं खाली यायला सांगितलं, आणि खाली उभ्या मैनेला हाक मारली, "कोणाकडून तरी नवी दोरी मागून आण. बरीच लागेल."