तात तुटली की बाहेर

माझ्या धाकट्या बहिणीचा, ताहेराचा निकाह झाला, त्याच हिवाळ्यात भाऊ सईद जालन्याहून नव्या ताती, म्हणजे कापूस पिंजायच्या कमानीला बांधायच्या दोऱ्या, घेऊन आला. आमचं धाड गावात पिंजाऱ्याचं दुकान. गावाबाहेर जकातीचा नाका, पलीकडं निजामाची मोगलाई. तिकडचे लोक बाजारच्या दिवशी गाद्यांचा कापूस पिंजून न्यायला यायचे आणि नाका बंद व्हायच्या आत परतायचे.

अब्बांचा एक रिवाज होता. पिंजताना कमानीची तात तुटली की सगळ्यांनी बाहेर लिंबाखाली. तोंड धुवायचं, चुळा भरायच्या, गुळाचा खडा खायचा. आतली धूळ बसल्याशिवाय दुसरी तात बांधायची नाही. अब्बा जुन्याच ताती बांधायचे, त्यामुळे त्या सारख्या तुटायच्या. गिऱ्हाईक कुरकुरायचं. पण दुसऱ्या पिंजाऱ्यांची माणसं खोकून खाटेला लागत, आमचं दुकान एकही हंगाम बंद पडलं नाही.

"अब्बा, तुमी लय कंजूस," सईद म्हणाला. "या तातीले साल लागंल तुटाले."

आमचा कारागीर निवृत्ती हसला. "मंग आमाले गूळ कोन देईन बे? तुहा सासरा?"

"गूळ घरी खा. मोगलाईचे लोक दुपारीच मोकळे होतील. दुप्पट काम येईन."

अब्बा एवढंच म्हणाले, "तात तुटाले पायजे, बेटा."

"काऊन?"

अब्बांनी कमान उचलली. त्यांचे वडील याच कामानं रक्त ओकून गेले होते. मला ते अम्मीनं सांगितलं होतं. अब्बांनी ती गोष्ट कधी तोंडातून काढली नाही. सईदला ठाऊक असेलच, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

काम खरंच दुप्पट झालं. पुढच्या उन्हाळ्यात सईद खोकू लागला. "मले जीव प्यारा हाय," म्हणून निवृत्ती शेतीकडं निघून गेला. एका बाजारच्या दिवशी अब्बा उठले आणि सईदच्या हातातल्या कमानीची तात त्यांनी चाकूनं कापली.

"डोकं फिरलं का, अब्बा? लोकाईले नाका गाठाचा हाय!"

"बाहेर चाल. गूळ खाय."

सईदनं गूळ घेतला, खिशात टाकला आणि दुसरी तात बांधायला बसला.

दुकान पुढंही चाललं. निवृत्ती परत आला. अब्बा पुन्हा जुन्या ताती बांधू लागले, आणि आता त्याचं कारण कोणी विचारत नव्हतं.

सईद १९३९ साली, रमजानला आठवडा राहिला असताना वारला. तो सव्वीस वर्षांचा होता.