चक्कीवरचं इंजिन

नगरच्या सावेडीत राहणारा सम्राट साळवे पुण्याच्या शौकिनांसाठी जुन्या स्पोर्ट्स गाड्या हुडकायचा आणि त्यांची किंमत ठरवून द्यायचा. स्वतः मात्र स्कूटरवर फिरायचा. १९९४च्या उन्हाळ्यात त्याला कळलं, की पारनेरजवळच्या एका खेड्यात दोन सीटची, उघड्या टपाची एमजी ही जुनी विलायती गाडी आहे. राधाकृष्ण औटी या शेतकऱ्याच्या वडिलांना ती नगरच्या लष्करातल्या गोऱ्या साहेबाने देश सोडून जाताना देऊन टाकली होती.

गोठ्यात कडब्याखाली गाडी निघाली. सम्राटने पत्रा बोटांनी वाजवून पाहिला, खाली उताणा झोपून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, तपासली. गंज फारसा नव्हता. हरखून त्याने बॉनेट उचललं. आत नुसती पोकळी!

“इंजिन कुठंय?”

“एकदम चालू हाय,” राधाकृष्ण म्हणाला. “ऐकू येतंय की.”

शेजारच्या खोलीत ते रॉकेलवर धडधडत होतं आणि त्याच्या पट्ट्यावर पिठाची चक्की फिरत होती. राधाकृष्णची बायको पुष्पावती पापण्यांपर्यंत पिठाने माखून दळण दळत होती.

“वहिनी, इंजिनाशिवाय त्या गाडीला काही किंमत नाही,” सम्राट म्हणाला.

“आन् ह्याच्याबिगर गाव उपाशी ऱ्हाईल. लाइट कवा असती हितं?”

शेवटी ठरलं. सम्राटने चक्कीसाठी जुनं डिझेल इंजिन आणून द्यायचं आणि एमजी चालू झाली की विकत न्यायची. त्याने नगरहून मिस्त्री आणला, दोन्ही इंजिनं बसवून घेतली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चक्क सुरू झाली.

“आदी मी बसनार,” म्हणत पुष्पावती चाकामागे बसलेल्या सम्राटच्या शेजारी चढली. सम्राटने तिला वेशीपर्यंत फिरवून आणलं. तिचा पदर वाऱ्यावर उडत होता. पारावरची मंडळी उठून उभी राहिली होती. खाली उतरल्यावर ती म्हणाली,

“न्हाई इकायची.”

“अहो, आपलं ठरलं होतं!”

“तवा ती पडून हुती. चालती गाडी कोन इकतं?”

राधाकृष्ण लगबगीने बैलाला पाणी दाखवायला गेला. संतापलेला सम्राट डिझेल इंजिन परत न्यायला निघाला, पण चक्कीपुढे दळणाचे डबे घेऊन बायकांची रांग लागली होती. त्यांच्याकडे पाहून तो मागे फिरला.

पुष्पावतीने त्याच्या हातात चहाची कपबशी दिली. “रागवू नगा, भाऊ. दर रविवारी या आन् लई लांबपत्तोर फिरवा. पेट्रोल तेवडं तुमचं.”

रविवारची पहिली सफर झाली आणि सोमवारी एमजीसाठी थांबलेल्या पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. सम्राट अगदी गंभीर आवाजात म्हणाला, “तिचा नाद सोडा, साहेब. घेण्यासारखं काही उरलेलं नाही तिच्यात.”