बंद यंत्राला ऐकू आलेलं दार

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब. ‘यंत्राची तपासणी माझ्या समक्ष झाली’ असं अहवालात आहे आणि खाली तुमची हिरव्या शाईतली सही आहे. समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. तुमच्या डोळ्यांसमोर त्या वेळी चहा होता.

मी बद्रीनाथ. तुमच्या कागदांत मला नाव नाही, ‘बाह्यस्रोत कर्मचारी’ आहे. मूळ जालन्याकडचा, आता धायरीत भाड्यानं राहतो. दहावीला गणितात आपटलो आणि शेतात ठिबकच्या नळ्या जोडत जोडत पुण्याला लागलो. सात वर्षांपूर्वी तुमच्या कार्यालयाच्या बागेत रबरी नळी पुरत होतो, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, “अहो नळीवाले! ती नळी भोकाभोकांतून गळते, की सगळ्या अंगानं पाझरते?”

“सगळ्या अंगानं. घाम फुटल्यासारखी.”

“वर या. आणि चिखलाचे पाय धुऊन या.”

झाली माझी नेमणूक. त्या मंदाकिनीबाई. तुमच्याच कार्यालयातल्या शास्त्रज्ञ, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. दक्षिण ध्रुवाकडच्या आपल्या तळावर, समुद्राच्या काठी, त्यांना एक यंत्र बसवायचं होतं. आपल्या कानाला ऐकूच येत नाही इतका खालचा आवाज ऐकणारं. चार डबे, एकमेकांपासून लांब ठेवलेले. अडचण वाऱ्याची होती. तिथला वारा डब्यावर असा घोंघावतो की बाकी काही ऐकूच येत नाही.

बाईंनी मला विचारलं, “नळी कशाला हवी असेल मला? सांगा बघू.”

मला आठ दिवस लागले. मग उजेड पडला. वाऱ्याचा झोत हातभर जागेत ढकलतो, पुढच्या हातभर जागेत ओढतो. लांबलचक पाझरती नळी पसरली तर हे ढकलणं-ओढणं नळीतल्या नळीत एकमेकांना खाऊन टाकतं. पण समुद्राचा तो खालचा आवाज दीड-दीड किलोमीटर लांबीचा असतो. तो सगळ्या नळीत एकाच वेळी शिरतो. त्याला कोण खाणार?

“पास,” बाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला तो शब्द म्हणालं.

वांग्याच्या वाफ्यातली नळी बर्फात पुरली गेली आणि तिथला आवाज रेघ होऊन इथं पडद्यावर यायला लागला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी गाढ झोपलंय. दर पाच सेकंदांनी रेघ वर, खाली. बाई म्हणाल्या, भर समुद्रात समोरासमोरून आलेल्या लाटा भिडतात, तेव्हा त्यांच्यावरची हवा हलते, ती ही गुणगुण. मध्येच रेघ पिसाळायची. म्हणजे कड्यावरून बर्फाचा डोंगर तुटून पाण्यात पडला. मी धायरीहून बसला लोंबकळत येणारा माणूस, आणि सकाळी टेबलाशी बसलो की काल रात्री पृथ्वीच्या टोकाला काय पडलं ते मला कळायचं. त्याची नशा काय असते, ते तुम्हाला नाही कळणार. तुम्ही सात वर्षांत एकदाही वर आला नाहीत.

पहिल्या एप्रिलमध्ये मी घाबरलो. गुणगुण बसत चालली. बाईंच्या घरी फोन केला, “बाई, यंत्र बंद पडलं!”

“यंत्र बंद नाही पडलं. समुद्रावर झाकण बसलं.”

तिकडे हिवाळा लागला की किनाऱ्याजवळचा समुद्र गोठतो. बर्फाखाली लाटा दबतात. उरते ती फार लांबच्या उघड्या पाण्याची बारीकशी कुरकुर. चार डब्यांपैकी आधी कुठल्या डब्यात पोचते त्यावरून ती उत्तरेची हे कळतं. बाई म्हणाल्या, “गुणगुण कोणत्या दिवशी बसली, ते दर वर्षी वहीत लिहा. कॉम्प्युटरवर नको, वहीत. कॉम्प्युटर लोक बदलतात.”

लिहिलं. सात वर्षांच्या सात तारखा आहेत माझ्याकडे. आधीच्या सहा एकमेकींच्या जवळपास आहेत. या वर्षीची, त्यातल्या सगळ्यात उशिराच्या तारखेपेक्षाही एकोणीस दिवस उशिरा. का? मी बाईंच्या घरी गेलो.

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्हालाही?”

“एका वर्षावरून बोलायचं ते चहाच्या टपरीवर. आणखी दहा वर्षं ऐका, मग सांगते.”

“दहा वर्षांनी तुम्ही किती वर्षांच्या असाल?”

“माझी चौकशी करू नका. यंत्राची करा.”

आणि तुम्ही यंत्राचीच केलीत. तुमच्या नियमात लिहिलंय: शंभर दिवसांहून जास्त काळ संकेत क्षीण असेल तर यंत्र ‘बंद’ समजावं आणि निर्लेखनाला, म्हणजे भंगारात, पाठवावं. समुद्र गोठतो हे नियमाला ठाऊक नाही. बाई नोकरीत होत्या तोवर दर वर्षी त्या नियमाला आडव्या यायच्या. मी तीन पत्रं लिहिली. तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं, तपासू. तसंच्या तसं जुळं यंत्र इथं प्रयोगशाळेत आहे, त्यावर घेऊ. ते नापास तर तिकडचंही नापास.

ऑगस्ट होता. मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालायचा. तुम्ही फोनवर म्हणालात, “ढोलापेक्षा मोठा आवाज पुण्यात कुठला? लावा खिडकीखाली.”

चाळीस ढोल लागले, साहेब. पाऊस म्हणून खिडक्या बंद होत्या, तरी तावदानं थरथरत होती. टेबलावरची पेन्सिल चालत जाऊन खाली पडली. आणि पडद्यावर रेघ सपाट. पथकाची पुढारी सुरुची, कॉलेजची पोरगी, घाम पुसत वर आली.

“काका, बहिरंय का हे?”

“बहिरं नाही गं. तुझ्या ढोलाच्या फार खालचं ऐकतं. ढोल त्याच्या डोक्यावरून जातो.”

“मग आम्हाला कशाला बोलावलंत? ग्राउंडची परमिशन कॅन्सल होईल म्हणून पोरं भिजत वाजवतायत!”

“ते साहेबांना विचार.”

तिनं खोलीभर पाहिलं. “कुठायत साहेब?”

मी छापलेला कागद घेऊन खाली तुमच्याकडे आलो. तुम्ही बिस्किट बुडवत होतात.

“आला का ढोल?”

“ढोल नाही आला. पण साहेब, समुद्राचा...”

“अरे, ज्याला ढोल ऐकू येत नाही त्याला समुद्र काय ऐकू येणार!”

आणि सही केलीत. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “थर्मामीटरवर वजन करून पाहिलं म्हणा की.”

पंधरा दिवसांनी अहवाल आला. ‘समक्ष’ हा शब्द वाचून डोकं फिरलं. त्या दुपारची चार ते पावणेपाचची रेघ पुन्हा छापली. तेव्हा दिसलं की रेघ अगदीच सपाट नव्हती. तीन फुगवटे होते. चार वाजून सहा मिनिटं, चार नऊ, चार एकेचाळीस. ढोल वाजले चार दहा ते चार पस्तीस. म्हणजे ढोलाचे नव्हेत. मग कशाचे? लिफ्टचे? लिफ्ट तर जूनपासून बंद आहे. हे कळेपर्यंत मला जेवण गेलं नाही.

तुम्ही दिल्लीला गेलात त्या मंगळवारी केर काढायला सगळ्या खोल्या उघड्या होत्या. मी केर काढणाऱ्या गोदाबाईंना एकेक दार उघडून लावायला सांगितलं आणि वर यंत्राशी बसलो.

“बद्री, दारं मोजायची नोकरी लागली व्हय रं तुला?” त्या जिन्यातून ओरडल्या.

“मावशी, आता कुठलं?”

“संडासाचं हाय!”

बारीक झटका. जिन्याचं दार: दोन झटके, कारण ते आपटून परत येतं. प्रत्येक दार हवा ढकलतं आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं. शेवटी गोदाबाईंनी तुमच्या केबिनचं दार उघडलं. रेघ एकदम चढली आणि मग आठ सेकंद सावकाश उतरत राहिली. बंद होताना दाराला हळू ओढणारा दांडा अख्ख्या इमारतीत फक्त तुमच्या दाराला आहे.

तेच फुगवटे. चार सहाला चहा आत गेला. चार नऊला शिपाई बाहेर आला. चार एकेचाळीसला मी कागद घेऊन आलो. मधली रेघ सपाट. चाळीस ढोल ज्याला ऐकू आले नाहीत त्या तुमच्या यंत्रानं खालच्या मजल्यावरचं दार ऐकलं, आणि ढोल वाजत असताना त्या दारातून कुणीच बाहेर आलं नाही, हेही ऐकलं.

नोव्हेंबरात तळाकडे जहाज निघेल. सामानाच्या यादीत ‘चार डबे, काढून परत आणणे’ असं आहे. यादी या शुक्रवारी बंद होते. त्यानंतर समुद्र पुढच्या वर्षी कधी गोठला ते कुणाला कळणार नाही. माझी वही सात ओळींवर थांबेल.

मला एकोणीस दिवसांचं कारण माहीत नाही. तुमच्याकडून ते मागतही नाही. माझा प्रश्न तुमच्या दाराचा आहे. ढोल वाजत असताना तुमचं दार उघडलं होतं का? उघडलं होतं म्हणालात, तर यंत्र खरंच बहिरं, डबे आणा परत, मी वांग्याच्या वाफ्यात जातो. नव्हतं उघडलं म्हणालात, तर त्या यंत्राला नीट ऐकू येतं, आणि ते तिकडेच राहील.

हो की नाही? शुक्रवारच्या आत सांगा. लेखी.