टाकीच्या वळणावरची बस

आमच्या ऑफिसात एक अख्खं शहर आहे. त्यात धूळ नाही आणि रस्त्यावर एकही माणूस खरा नाही. रस्ते मात्र आपल्याच शहराचे, वळण न् वळण मोजून घेतलेले. त्यांवर आम्ही खोट्या गाड्या सोडतो. त्या धावतात, अडकतात, एकमेकींना आडव्या जातात, आणि प्रत्येकीचा वेग, ब्रेक, थांबणं, सगळं कॉम्प्युटर टिपून ठेवतो. थोडक्यात, लोक रहदारीला वैतागतात आणि मी पगार घेऊन ती तयार करते. आई असती तर म्हणाली असती, बाहेर काय कमी होती म्हणून?

हा सगळा खटाटोप बिनड्रायव्हरच्या बससाठी होता. त्या आमच्या शहरात शिकणार आणि मग खऱ्या रस्त्यावर उतरणार. जे आमच्या शहरात आहे तेवढंच त्यांना कळणार. जे आम्ही घातलं नाही, ते त्यांच्या लेखी जगातच नाही.

म्हणून शेवटी खऱ्या बसच्या नोंदी आणून आमच्या खोट्या बसशी ताडून बघायच्या. यंदा सगळं छान जुळलं, एक जागा सोडून. पाण्याच्या टाकीपुढच्या वळणावर खऱ्या बस हळू होत होत्या. तिथे ना थांबा, ना सिग्नल, ना खड्डा. तरी प्रत्येक बसचा वेग तिथे खाली यायचा आणि लगेच पुन्हा चढायचा. आमच्या बस मात्र सुसाट निघून जायच्या.

आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे इस्त्री म्हणतो. त्यांना आलेखात एक सुरकुती खपत नाही.

"मशीनची गडबड असेल. सपाट करून टाका," ते म्हणाले.

"सगळ्या बसची एकाच जागी गडबड?"

"मग कारण आणा. आपल्या शहरात कारणाशिवाय कोणी ब्रेक मारत नाही. सोमवारी मला एक तर कारण हवं, नाही तर सरळ रेष."

मी जागेवर येऊन नकाशा मोठा केला आणि ती जागा ओळखली. त्या वळणावर आता फर्निचरचं दुकान आहे. त्याआधी तिथे आमचं घर होतं.

दुसरा मजला, रस्त्याकडची खोली. पाठीच्या दुखण्याने आई अंथरुणाला खिळली, तेव्हा बाबांनी तिची खाट खिडकीला लावून दिली. बाबा त्याच रस्त्यावरून बस चालवायचे. वळणावर आले की बस हळू करायचे आणि वर बघायचे. आईने हात वर केला म्हणजे सगळं ठीक. हात दिसला नाही तर पुढच्या थांब्यावरून शेजारच्या काकूंना फोन. मी शाळेतून आले की खाटेच्या पायथ्याशी अभ्यासाला बसायचे. आईला बस लांबून आवाजावरून ओळखू यायची. "केस नीट कर माझे, आले बघ," असं म्हणायची, जसं काही पाहुणे येणार आहेत. किती सुखाचे दिवस होते ते, आजारपण असूनही. तेव्हा ते सुख आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

आई गेली, घर विकलं, इमारत पाडली. बाबा माझ्याकडे राहायला आले, पण त्या रस्त्याला पुन्हा फिरकले नाहीत. डॉक्टरकडे जातानाही मला वळसा घ्यायला लावतात. विचारलं तर एकच उत्तर: "तिथं काय राहिलंय आता?"

रविवारी सकाळी ते गॅलरीत बुटांना पॉलिश करत बसले होते. नोकरी सुटली तरी ही ड्यूटी सुटलेली नाही.

"बाबा, टाकीच्या वळणावर बस हळू का होतात?"

"होतात काय? मी करायचो."

"तुमचं माहीत आहे. मी आत्ताच्या बसचं विचारतेय. सगळ्या होतात, रोज."

ब्रश थांबला. त्यांनी तो बूट बाजूला ठेवला, मग उगाच पुन्हा उचलला.

"नवे ड्रायव्हर माझ्या हाताखाली शिकायला द्यायचे," ते म्हणाले. "ते विचारायचे, मास्तर, इथं हळू का? आता त्यांना काय सांगणार, बायको खिडकीत असते म्हणून? म्हटलं, गल्लीतून पोरं एकदम पळत येतात. इथं ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा म्हणजे काढायचा. एकाला तर चांगला झापला होता."

"पण गल्ली तर भिंत घालून बंद केलेली होती."

"होती की."

"म्हणजे चक्क थाप मारलीत."

"मारली," ते म्हणाले. मग एकदम माझ्याकडे वळले. "अजून करतात?"

"अजून. तुम्ही ज्यांना शिकवलंत त्यांनी पुढच्यांना शिकवलं असणार."

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. आईला एकदाही न पाहिलेली माणसं रोज तिच्या खिडकीखाली बस हळू करत होती, आणि उद्या ते बंद करणं माझ्या हातात होतं.

सोमवारी मी इस्त्रीसाहेबांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

ते ऐकून घेऊन म्हणाले, "पण आता तिथे खिडकीही नाही. मग नव्या बसनी हे का शिकावं?"

मला हवंय म्हणून, एवढंच खरं होतं, आणि ते बोलायची सोय नव्हती. साहेबांनी माझा कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्याच गाड्यांच्या खऱ्या नोंदी चाळल्या.

"बसमागच्या गाड्या बघा," ते म्हणाले. "नुसत्या हळू होत नाहीत, थांबतात. म्हणजे माणसं रस्ता ओलांडताहेत. बस हळू होते हे लोकांना पाठ झालंय, म्हणून तिथूनच ओलांडतात. तुमच्या वडिलांची थाप खरी झाली की." मग कॉम्प्युटर माझ्याकडे सारत म्हणाले, "राहू द्या ही सुरकुती. नीट घाला."

संध्याकाळी मी लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. टाकी दाखवली, वळण दाखवलं, बस म्हणजे हा निळा ठिपका हेही सांगितलं.

"चालवतंय कोण?"

"कोणीच नाही, बाबा."

ठिपका टाकीपाशी आला, वळणावर हळू झाला आणि पुढे गेला. दुसरा ठिपका आला, तोही हळू झाला. तिसऱ्याला बाबा पुढे वाकले.

"आणखी हळू घे," ते म्हणाले.

"खऱ्या बस एवढ्याच हळू होतात."

"त्यांना कोणासाठी थांबायचंय? तिला कुशीवर वळून हात वर करायला वेळ लागायचा."

मी वेग आणखी उतरवला.